जुन्या मित्रासोबत सोलापूर ते बदामी सायकलवर: तयारी, रस्ता आणि परतीची सोय

जुन्या मित्रासोबत सायकलवर लांब जायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी एक संध्याकाळ मोकळी काढा आणि दोघं समोरासमोर बसा. नकाशा, सायकलचं दुकान, सामानाची यादी हे सगळं नंतर. आपण ज्याला ओळखतो म्हणतो तो मित्र बऱ्याचदा कॉलेजातला असतो. मधल्या वर्षांत त्याचा गुडघा बदललेला असतो, झोप बदललेली असते, कदाचित बीपीची गोळी सुरू झालेली असते. तुमचंही तेच. दोस्ती जुनी असली की माणूस विचारत नाही, गृहीत धरतो. आणि वाटेत कटकटी होतात त्या या गृहीत धरलेल्या गोष्टींवरूनच.

म्हणून त्या संध्याकाळी सरळ विचारायचं. पहाटे पाचला उठवलेलं चालेल का? घोरणं कुणाचं, आणि दोन खोल्या घ्यायच्या का? दिवसाला किती किलोमीटर जमतील असं तुला वाटतं? औषधं कोणती, कुठल्या वेळेला? देवळात, किल्ल्यात किती वेळ रेंगाळायचं? मांसाहार, उपवास, चहाची वेळ? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण रोज सात-आठ तास एकत्र काढायचे असताना याच गोष्टी मनात साठतात.

पैशाचं एकच सांगतो. निघताना दोघांनी सारखी रक्कम एका सामायिक पाकिटात टाकावी. राहणं, जेवण, चहा, पंक्चर सगळं त्यातूनच. पाकीट रिकामं झालं की पुन्हा सारखी रक्कम. ‘मागच्या वेळी मी दिले होते’ हा विषयच उरत नाही.

वेगाचा करार

माझ्या लेखी अख्ख्या तयारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच: हळू चालवणारा पुढे, वेगाने चालवणारा मागे.

कारण साधं आहे. जलद माणूस पुढे निघाला की मागचा त्याला गाठायला नकळत ताकद लावतो आणि दुपारपर्यंत संपतो. पुढचा एखाद्या झाडाखाली थांबतो, पाणी पितो, दहा मिनिटं आराम करतो. मागचा घामाघूम होऊन पोचतो आणि त्याच क्षणी पुढचा म्हणतो, “चल, निघू या.” म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्यालाच ती मिळत नाही. त्यामुळे दुसरा नियमही पाळा: थांब्याची वेळ शेवटचा माणूस सायकल टेकवून पाणी प्यायल्यावर मोजायला सुरुवात करायची.

हे आधी बोलून ठेवलं की वाटेत संवाद सोपा होतो. “अरे, जरा दमानं,” एवढं म्हटलं की पुरतं, कारण त्यामागचं सगळं आधीच ठरलेलं असतं. आणखी दोन गोष्टी ठरवा. एक, गप्प राहून चालवायची मुभा. तासभर दोघांत शंभर मीटरचं अंतर आहे आणि कुणी बोलत नाही, याचा अर्थ कुणी रागावलंय असा घ्यायचा नाही. दोन, कुणीही “आज बस” म्हटलं की तिथेच बस. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. हा शब्द मिळालेला असला की माणूस उलट जास्त धीराने चालवतो.

बदामीच का

सोलापुरातून रस्ते चहूकडे फुटतात: पुणे, हैदराबाद, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा. पहिल्या लांबच्या प्रवासाला मी विजापूरकडचा रस्ता सुचवतो. सोलापूर ते विजयपूर, म्हणजे आपलं विजापूर, साधारण शंभर किलोमीटर. तिथून कुडलसंगम नव्वदच्या आसपास. मग ऐहोळे आणि पट्टदकल करत बदामी, सत्तर-पंचाहत्तर. एकूण २७० किलोमीटरच्या आसपास. मध्ये विजापुरात एक दिवस ठेवला तर चार दिवस धरा.

या वाटेचा मोठा आधार म्हणजे रेल्वे. सोलापूर-होटगी-विजापूर-बागलकोट-बदामी-गदग हा लोहमार्ग ढोबळमानाने याच दिशेने जातो. कुणाची तब्येत बिघडली, सायकल मोडली, घरून फोन आला, तर विजापूर किंवा बागलकोट गाठून परतता येतं. पहिल्याच प्रवासात असा आधार जवळ असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिवाय ही वाट सोलापूरकराला परकी नाही. सोलापूरच्या आपल्या सिद्धरामेश्वरांचं नातं बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांशी आणि शरणांच्या, म्हणजे त्यांच्या अनुयायी संतांच्या, परंपरेशी आहे, आणि बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधीची जागा, आहे कुडलसंगम, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर. भाषेचीही अडचण येत नाही. सोलापुरात वाढलेल्याच्या कानावर कन्नड पडलेलंच असतं. नीरु, ऊटा, एष्टु एवढ्या शब्दांवरही पाणी, जेवण आणि हिशेब भागतो.

काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा. मार्चनंतर या टापूत दुपारी सायकल चालवणं म्हणजे शरीराशी खेळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. ती आटोपून जानेवारीअखेर निघालात तर शिवारात ज्वारी उभी असते आणि हुरड्याचेही दिवस असतात.

सायकल

नवी महागडी सायकल घ्यायची गरज नाही. गिअरची, मजबूत रिमची, कॅरियर बसवता येईल अशी कोणतीही चांगल्या स्थितीतली सायकल चालते. फक्त एक बघा: दोघांच्या टायरचा माप एकच असेल तर उत्तम. मग ट्यूब, पंप, पाने सगळं एकमेकांना चालतं आणि ओझं जवळजवळ अर्ध्यावर येतं.

हा माप टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो. ‘२६’ किंवा ‘२८’ या इंचांवर विसंबू नका. त्याच्याजवळ ३५-६२२ असा जोड-आकडा शोधा. यातला दुसरा आकडा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ७०० सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ असतात. जुन्या काळ्या दणकट सायकलीचा २८ इंची टायर मात्र ६३५ चा, तो तुमच्या रिमवर बसणार नाही. गावच्या दुकानात काळ्या सायकलीचं सगळं मिळतं, ७०० सी चं क्वचितच. म्हणून प्रत्येकी दोन ट्यूब सोलापुरातूनच घ्या. बारीक उंच तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पितळी अडॅप्टर सोबत ठेवा, नाहीतर पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरता येत नाही.

निघण्याच्या दोन आठवडे आधी सायकल मिस्त्रीकडे द्या. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून घ्या, ब्रेकची रबरं आणि केबल बदलून घ्या, चेन ताणली असेल तर नवी टाका. आदल्या दिवशी काही बदलू नका; नव्या केबलला बसायला थोडं चालवावं लागतं.

सीटची उंची घरीच तपासता येते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर.

आपल्या भागात सगळ्यात जास्त पंक्चर होतात ते काट्यांनी, बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचं फळ हरभऱ्याएवढं असतं, पण कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. फोन आला म्हणून सायकल रस्त्याकडेच्या गवतात ढकलली की काम झालं. थांबायचं तर डांबरावर किंवा मोकळ्या कडक जमिनीवर. पंक्चर झालंच तर ट्यूब बदलण्याआधी टायर आतून तपासा. बोट फिरवू नका. सुती फडकं हलक्या हाताने आतून गोल फिरवा. काट्याचं मोडकं टोक राहिलं असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. ते टोक आतून चिमट्याने किंवा नखाने काढलं नाही, तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

सराव

आठ आठवडे धरा. आठवड्यात दोन छोट्या फेऱ्या, रविवारी एक मोठी, आणि मोठी फेरी हळूहळू वाढवायची. तीन आठवडे वाढ, चौथा हलका. मित्र दुसऱ्या गावी राहत असेल तर सराव वेगवेगळा होईल, पण किमान दोन फेऱ्या एकत्र व्हायलाच हव्यात. वेगाचा करार कागदावर कळत नाही.

पहिली एकत्र फेरी हत्तरसंग कुडलची करा. सीना-भीमेच्या संगमावरचं हे ठिकाण मंद्रूपच्या बाजूला आहे, जाऊन-येऊन दिवसाचं काम. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत मोजला जाणारा. तो वाचायला थांबाल तेव्हा पायांनाही आराम मिळेल. पाऊस पडून गेला असेल तर आतल्या वाटांवर सायकल नेऊ नका. काळी माती चाकात बसली की चाक फिरतच नाही.

दुसरी फेरी तुळजापूरची, पंचेचाळीस किलोमीटरची, कारण शेवटचा घाट. चढावर तुम्ही दोघं कसे वागता ते इथे कळतं. आणि तिसरी, शक्य असेल तर मोहोळमार्गे पंढरपूर, सामान लादून आणि मुक्काम करून. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसणं ही खरी परीक्षा. पहिल्या दिवशी शंभर किलोमीटर कुणीही रेटून नेतो.

सामान आणि शिदोरी

दर माणशी आठ-दहा किलोच्या वर जाऊ नका. ओझं पाठीवर घेऊ नका, कॅरियरवर दोन्ही बाजूंना सारखं बांधा. पाठीवरच्या पिशवीने मान आणि बूड दोन्ही दुखतात. दोन जोड कपडे, एक थंडीचं, पातळ सोलापुरी चादर एकच पुरे, पुढचा आणि मागचा दिवा, हेल्मेट, आधारकार्ड, रोख थोडी. दोघांत मिळून एक पंप, ॲलन कीचा संच, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच आणि सोल्युशन, दोन-तीन जादा आरे, चेन जोडायची कडी, तेलाची छोटी बाटली.

चड्डी गादीची असेल तर तिच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणीच सोलतात. घासणाऱ्या जागी सकाळीच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा. जखम झाल्यावर लावून उपयोग नसतो.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी काही शिकवायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरेच दिवस टिकते, वजनाला हलकी, आणि दह्यासोबत कुठेही जेवण होतं. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, धपाटे. हँडलच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे. भूक लागायची वाट बघू नका, तासाभराने थोडं खा. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, लहान चमच्याने मोजून. अंदाजाने मीठ टाकू नका.

पहिला दिवस: सोलापूर ते विजापूर

थांबे धरून सरासरी ताशी अकरा-बारा किलोमीटर पडतात, म्हणजे शंभर किलोमीटरला साडेआठ-नऊ तास. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसहाला दिवे लावून सात रस्त्यावरून निघा, विजापूर नाका, कंबर तलाव, सैफुल, सोरेगाव करत शहर मागे टाका. गर्दी सुरू व्हायच्या आत बाहेर पडणं हाच यातला मुद्दा.

पुढचा महामार्ग चौपदरी आहे. याच रस्त्याच्या कामात फेब्रुवारी २०२१ मध्ये अठरा तासांत पंचवीस किलोमीटरहून जास्त एकपदरी डांबरीकरण झालं होतं. रस्ता गुळगुळीत, त्यामुळे वेग वाढवायचा मोह होतो. आवरा. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, एकामागे एक. गावापाशी उड्डाणपूल आला की सेवारस्ता धरा; तिथे उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्यांकडे लक्ष असू द्या.

या दिवसांत खरी धास्ती उसाच्या वाहतुकीची. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली मोळी, मागे दिवा असेलच असं नाही, आणि चालकाशेजारी गाणी मोठ्याने लावलेली. तुमची घंटा त्याला ऐकू येत नाही. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणजे ट्रॅक्टर गेला असं समजू नका, दुसरी जराशी हेलकावत येते. तो ओलांडून जाईपर्यंत कडेला स्थिर राहा. त्याच्यामागे वाऱ्याचा आडोसा घेत चिकटून चालवू नका, वरून ऊस पडतो. आणि अंधार पडल्यावर या रस्त्यावर चालवूच नका.

पहिला चहा तेरामैलला. चाळीसेक किलोमीटरवर टाकळीच्या पुढे भीमेचा पूल, पलीकडे धुळखेड, कर्नाटक. पूल ओलांडल्यावर चांगलं अर्धा तास थांबा, पोटभर खा, कारण पुढे झळकी, होर्ती करत विजापूरपर्यंत रस्ता हळूहळू चढत जातो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, विजापूर सहाशेच्या जवळ. चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. नेमका इथेच दोघांतला हळू माणूस स्वतःला दोष देऊ लागतो. त्याला सांगा की हा रस्त्याचा गुण आहे, गिअर एक उतरव.

दुपारी बारा ते दोन सावलीत. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान असो नसो. सोबत्याच्या तोंडाकडे बघत राहा: घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच सावलीत आडवं करा, अंग ओलं करा, १०८ लावा. महामार्गाची मदत १०३३, आणि काहीही सुचलं नाही तर ११२. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्याआधी डॉक्टरांशी मात्रा बोलून घ्यावी, आणि त्याच्या खिशात साखर आहे हे दुसऱ्याला माहीत असावं.

पुढचे टप्पे

विजापुरात एक दिवस राहा. गोलघुमट १६५६ चा, मोहम्मद आदिलशाहाची कबर. सकाळी लवकर गेलात तर वरच्या सज्जात आवाजाचा प्रतिध्वनी नीट ऐकू येईल, नंतर शाळांच्या सहली येतात. जेवायला खानावळीत ज्वारीची रोटी आणि एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं. पायांना याहून चांगला दिवस मिळणार नाही.

कुडलसंगमचा टप्पा लांब आहे. बसवन बागेवाडी, म्हणजे बसवेश्वरांचं जन्मगाव, याच टापूत, पुढे आलमट्टी. नव्वद जड वाटले तर आलमट्टीला तोडा, धरणापाशी थांबायला चांगलं आहे. कुडलसंगम क्षेत्राचं ठिकाण असल्याने यात्रेकरूंच्या राहण्याची सोय आहे, पण आदल्या दिवशी फोन करून सायकली आत ठेवू देतील ना, ते विचारा.

शेवटच्या दिवसाचा रस्ता लहान, गावांतून जाणारा, आणि माझ्या मते सगळ्या वाटेतला सर्वांत सुंदर. ऐहोळेच्या मेगुटी देवळात इसवी सन ६३४ चा रविकीर्तीचा लेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने जिंकलेल्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख त्यात येतो. टेकडी चढून जा. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून बदामी वीस-बावीस किलोमीटर. लेणी उतरत्या उन्हात बघा, तिसऱ्या लेण्यातला लेख ५७८ चा आहे.

परत येताना

सायकल रेल्वेने आणायची तर पार्सल ऑफिसात नोंदवावी लागते. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर दूर आणि गाड्यांचा थांबा छोटा, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन विचारा की त्या गाडीत सायकली चढवतील का. नाही म्हणाले तर बागलकोट गाठा किंवा टपावर सामान घेणारी बस बघा. पायडल काढून पिशवीत ठेवा, हँडल आडवं करून बांधा, फ्रेमला जुन्या चादरीचे तुकडे गुंडाळा. नाव, मोबाइल आणि ‘सोलापूर’ असं ठळक लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल दोन ठिकाणी लावा. दोन्ही सायकली एकाच पावतीवर नोंदवा आणि पावतीचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. सोलापुरात उतरवून घेताना चाकं फिरवून बघा, आरे हाताने चाचपा, मागचा गिअर ज्यावर लटकतो तो हूक वाकलेला नाही ना पाहा, आणि काही वाकलं-मोडलं असेल तर पार्सल ऑफिस सोडण्याआधी तिथेच लेखी नोंद करून घ्या.